एफबीडी नाही तर मार्क नाहीत

इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरच्या मुलांना कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात जेवढे नियम ऐकवले जातात तेवढे बिचाऱ्यांनी बारावीपर्यंत सगळे मिळून ऐकले नसतील. 75 टक्के अटेंडन्स नसेल तर टर्म ग्रँट होणार नाही, म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही, आयकार्ड गळ्यातच दिसलं पाहिजे, प्रॅक्टिकलला शूज पाहिजेत, जर्नल दर आठवड्याला चेक करून घ्यायचं, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आलं की आईवडिलांना घेऊन यायचं. मी मेकॅनिक्स, म्हणजे वस्तूंवरच्या बलांचं गणित, शिकवते, पुण्याबाहेर हायवेलगतच्या एका कॉलेजात, आणि माझं लेक्चर दुपारकडचं असतं, म्हणजे मी वर्गात शिरेपर्यंत समोरचे साठ-सत्तर चेहरे ऑलरेडी सुन्न झालेले असतात. त्यात मेकॅनिक्सबद्दल होस्टेलवर सिनिअर्सनी आधीच कानात भरवलेलं असतं की एम-वन, म्हणजे पहिलं मॅथ्स, आणि मेकॅनिक्स सुटलं की फर्स्ट इयर सुटलं, आणि नाही सुटलं तर केटी, म्हणजे राहिलेला विषय, घेऊन फिरा.

मी पण माझे नियम सांगतेच. एक कागद आहे माझ्याकडे, पाठपोट, दरवर्षी थोडा बदलतो, तो झेरॉक्स काढून वाटते. त्याच्यावर काय लिहायचं यावर मी गेली बरीच वर्षं विचार करतेय, आणि हळूहळू माझं एक मत पक्कं होत गेलंय की विषयाचे म्हणून जे नियम असतात त्यातले फार थोडे कामाचे असतात, आणि जे कामाचे असतात ते मुलांना सगळ्यात जाचक वाटतात. बाकीचे नियम सोपे. सही मिळाली की संपले.

अटेंडन्सचंच घ्या. 75 टक्क्यांचा नियम युनिव्हर्सिटीचा आहे, मी पाळते, हजेरी घेते, पण त्यातून काय होतं ते सगळ्यांना माहितीये. मागच्या बाकावरून दोन वेगवेगळ्या आवाजांत 'प्रेझेंट मॅम' येतं, सेमिस्टरच्या शेवटी मेडिकल सर्टिफिकेटांचा पाऊस पडतो, आणि जो मुलगा खरंच रोज येतो तो पण बऱ्याचदा नुसता येऊन बसतो. डोळे बोर्डवर, पेन चालू, डोकं बंद. मी सम सोडवते, तो उतरवतो, वहीत सम छान दिसतं. घरी जाऊन तेच सम आकडे बदलून दिलं की हात वर.

आणि टर्मवर्क, म्हणजे वर्षभराच्या जर्नल-फाईलचे मार्क! आमच्याकडे 2019 च्या पॅटर्नमध्ये इनसेमला, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेला, 30, शेवटच्या एंडसेमला 70 आणि वरती प्रॅक्टिकल-टर्मवर्कचे 25 असा हिशोब बसवला होता. त्यातले 70 आणि 30 मुलांना घाबरवतात, 25 कुणालाच घाबरवत नाहीत, कारण फाईल पूर्ण असेल तर अठरा ते बावीसच्या मधे काहीतरी मिळणार हे भिंतीवर लिहिल्यासारखं ठरलेलं असतं. मग फाईल पूर्ण करणं हेच काम होऊन बसतं. सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलच्या एका खोलीत एक जर्नल मधे आणि भोवती सगळे गोल करून छापतायत, ग्राफिकल सोल्युशनच्या शीटखाली काच, काचेखाली लाईट, जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, चालू. हे आम्ही केलं, आमच्या आधीच्यांनी केलं, आता मोबाईलवर फोटो येतो एवढाच फरक. आमच्या लॅबमध्ये चेंडू खाली टाकून उसळी मोजायचं एक प्रॅक्टिकल आहे, कोएफिशिएंट ऑफ रेस्टिट्यूशनचं, म्हणजे उसळीच्या मापाचं, एक मीटरवरून टाकला आणि 64 सेंटिमीटर उसळला तर 64 भागिले 100 चं वर्गमूळ काढून 0.8 येतो. खऱ्या रीडिंगमध्ये असं कधी होत नाही हो, कधी 61 येतं, कधी 66, चेंडू तिरका जातो, स्केल वाचणारा मान वाकडी करून वाचतो. पण जर्नलं उघडली की अख्ख्या बॅचचं 0.8, 0.8, 0.8. एका वर्षी तर एकाने सात हा आकडा असा काढला होता की तो एकासारखा दिसावा, आणि तो एक मग पुढच्या सगळ्या जर्नलांत इमानेइतबारे उतरला, गणितात मात्र सातच धरलेला, उत्तर बरोबर. कुणालाच संशय आला नाही की टेबल आणि उत्तर एकमेकांना ओळखत नाहीत.

यात मुलांना फार दोष द्यावासा मला वाटत नाही. आपण त्यांच्याकडून भरलेली फाईल मागतो, ते फाईल भरून देतात.

आता माझ्या कागदावरचा पहिला नियम. एफबीडी नाही तर मार्क नाहीत. फ्री बॉडी डायग्राम काढल्याशिवाय कुठलंही समीकरण लिहायचं नाही, उत्तर बरोबर आलं तरी शून्य. दरवर्षी यावर बोंब होते. 'मॅम, जेईईला तर डायरेक्ट करायचो.' हो बाळा, करायचास, तिथे चारातलं एक निवडायचं होतं.

ज्यांनी मेकॅनिक्स केलं नाही किंवा केलं आणि देवाच्या दयेने विसरले त्यांच्यासाठी सांगते. एफबीडी म्हणजे एखादी वस्तू सगळ्या जगापासून सोडवून एकटी कागदावर काढायची, आणि जग तिला जिथे जिथे ढकलतं, ओढतं, टेकू देतं तिथे तिथे बाण काढायचे. बस. भिंत पुसून टाकायची आणि भिंतीच्या जागी भिंतीचा बाण काढायचा. दोरी कापायची आणि तिचं टेन्शन, म्हणजे ताण, दाखवायचं. ऐकायला बालवाडीचं काम वाटतं, पण प्रत्येक बाण काढताना तुम्हाला एक निर्णय घ्यावा लागतो, की इथे खरंच काही ढकलतंय का, कुठल्या दिशेला, आणि कुणी. हा निर्णय छापता येत नाही. म्हणजे येतो, पण छापलेला लगेच ओळखू येतो, कारण मी विचारते हा बाण कुणाचा, आणि समोरचा वर पंख्याकडे बघायला लागतो.

शिडीचं सम घ्या, सगळ्या पुस्तकांत असतं. पाच मीटरची शिडी, वजन 200 न्यूटन, जमिनीशी 60 अंशात भिंतीला टेकवलेली, भिंत गुळगुळीत, जमिनीचा फ्रिक्शन (घर्षण) कोएफिशिएंट 0.3, आणि वर चढणारा 600 न्यूटनचा माणूस. शिडी न घसरता तो किती चढेल? एफबीडी न काढता सुरू करणारी मुलं तीन ठिकाणी घसरतात, माणूस नंतर घसरतो. एक म्हणजे शिडीचं वजन शिडीला काटकोनात दाखवतात, गुरुत्वाकर्षणाने जणू शिडी बघून दिशा बदलली. दुसरं, भिंत गुळगुळीत म्हटलेलं असूनही तिथे फ्रिक्शन लावतात. आणि तिसरं, जमिनीवरचं फ्रिक्शन भिंतीपासून लांब दाखवतात, कारण शिडी तिकडे घसरणार ना, मग बाण तिकडेच. अरे ती घसरू नये म्हणून फ्रिक्शन आहे! ते भिंतीकडे असणार. हे तीन बाण नीट पडले की उरलेलं गणित आठवीतल्या पोरालाही जमेल. खालची रिअ‍ॅक्शन, म्हणजे जमिनीचा वरच्या दिशेचा रेटा, 800, म्हणजे फ्रिक्शन जास्तीत जास्त त्याच्या 0.3 पट, 240, म्हणून भिंतीची रिअ‍ॅक्शनही 240, खालच्या टोकाभोवती मोमेंट, म्हणजे फिरवण्याचा जोर, घ्या, आणि माणूस शिडीवर 2.63 मीटर चढतो. निम्म्याच्या जरासा वर. मग मी वर्गाला विचारते की गणपतीत मंडपाच्या बांबूला लावलेल्या शिडीच्या पायाशी एक जण पाय रोवून का उभा असतो, आणि त्या दिवशी कधी नव्हे ते मागचे बाक बोलायला लागतात. एकजण म्हणाला होता, मॅडम तो माणूस एफबीडीमध्ये काढायचा का? काढायचा ना. त्याचाच तर बाण महत्त्वाचा आहे.

या नियमाला मी एवढी का चिकटलेय त्याचं एक कारण मी मुलांना दुसऱ्या आठवड्यात सांगते. 17 जुलै 1981, अमेरिकेतलं कॅन्सस सिटी, हयात रीजन्सी हॉटेल. लॉबीत नाचाचा कार्यक्रम चालू होता आणि वर छतापासून लोखंडी दांड्यांनी लटकवलेले पादचारी पूल होते, चौथ्या मजल्याचा पूल आणि त्याच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्याचा. मूळ डिझाईनमध्ये वरून एकच लांब दांडी दोन्ही पुलांमधून जाणार होती आणि दोन्ही पूल आपापल्या नटवर त्या दांडीला टेकणार होते. एवढ्या लांब दांडीवर आटे पाडून नट मधोमध चढवणं किचकट, म्हणून बदल केला, दोन आखूड दांड्या. छतापासून चौथ्या मजल्याच्या पुलापर्यंत एक, आणि त्या पुलाच्या बीमपासून खाली दुसऱ्या मजल्याच्या पुलापर्यंत दुसरी. चित्र लांबून बघितलं तर सेमच दिसतं. पण बोर्डवर फक्त चौथ्या मजल्याचा तो बीम सोडवून काढा. आधीच्या डिझाईनमध्ये बीमखालच्या नटला एकाच पुलाचं वजन पेलायचं होतं. बदलल्यावर खालचा अख्खा पूल त्याच बीमला लटकला, म्हणजे त्या नटवर दोन पुलांचं वजन, सरळ दुप्पट. नंतरच्या तपासात निघालं की मूळ डिझाईनसुद्धा तिथल्या बिल्डिंग कोडला पुरत नव्हतं, आणि त्यावर हे दुप्पट. दोन्ही पूल खाली आले आणि 114 माणसं मेली. तो बदल कागदावर मंजूर झालेला होता.

मी हे सांगते तेव्हा कुणाला घाबरवायचं नसतं. मी फक्त खडूने दोन बीम शेजारी शेजारी काढते, एकावर एक बाण, दुसऱ्यावर दोन. फर्स्ट इयरच्या तिसऱ्या लेक्चरचं काम आहे ते, त्याला फायनाईट एलिमेंटसारखं जड गणित लागत नाही की सॉफ्टवेअर लागत नाही.

दुसरा नियम युनिटचा. उत्तरापुढे युनिट नसेल तर एक मार्क गेला. यावर कुरकुर कमी होते कारण शाळेपासून सवय असते, पण का जातो ते माहीत नसतं. 1999 साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ जाऊन गायब झालं, कारण जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर पाउंडमध्ये आकडे देत होतं आणि पुढचं ते न्यूटनमधले समजून घेत होतं, फरक साधारण 4.45 पटीचा. हे ऐकलं की पोरं खूश होतात, नासावाल्यांचा पण मार्क गेला म्हणून. याच्याच पोटात कॅल्क्युलेटरचा उपनियम आहे, पेपर सुरू व्हायच्या आधी साईन 30 दाबून बघायचं. 0.5 आलं तर पुढे जा. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनमध्ये अडकलेला असेल तर उणे 0.988 येतं, आणि मग उतारावर ठेवलेला 100 न्यूटनचा ठोकळा 98.8 न्यूटनच्या जोराने स्वतःहून वर चढायला लागतो. असे चढणारे ठोकळे मी दरवर्षी तपासते. पोरं पुढचं सगळं गणित त्या उणे आकड्यावर शांतपणे करत जातात, खाली दोन रेघा मारून उत्तर चौकटीत. म्हणून तिसरा नियम असा की चौकटीतल्या उत्तराखाली एक वाक्य लिहायचं, हे उत्तर पटतंय का आणि का. मराठीत लिहिलं तरी चालेल. हिंदीत लिहा, मोडक्या इंग्लिशमध्ये लिहा, स्पेलिंगला मी हात लावत नाही.

हे मराठीचं मुद्दाम घातलंय. आमच्याकडे येणारी निम्मी मुलं बीड, लातूर, जामखेड, करमाळा अशा बाजूची असतात, अकरावी-बारावी सायन्स इंग्लिशमध्ये झालेलं असतं पण बोलायची वेळ आली की घसा बसतो. युनिव्हर्सिटीचा पेपर इंग्लिशमध्ये असतो. पण मेकॅनिक्सच्या पेपरात इंग्लिश असतं किती, चित्र आणि समीकरणं तर सगळी. वर्गातल्या टेस्टला 'बीमचा डावा सपोर्ट जास्त लोड घेतोय कारण वजन त्याच्याजवळ आहे, पटतंय' असं एक वाक्य मराठीत आलं की मला कळतं या मुलाला कळलंय. 'द रिअ‍ॅक्शन इज करेक्ट' एवढं आलं की काहीच कळत नाही.

माझी एक भाची अमेरिकेत शिकते, तिला तिकडे स्टॅटिक्स, म्हणजे मेकॅनिक्समधला स्थिर वस्तूंचा भाग, होतं तेव्हा तिने मला त्यांचा सिलॅबस पाठवला. आपल्याकडे सिलॅबस म्हणजे युनिट एक ते सहा आणि शेवटी पुस्तकांची यादी, तिकडे तो करारनाम्यासारखा असतो, पानंच्या पानं. होमवर्क दर आठवड्याला, हिरव्या चौकटीच्या इंजिनिअरिंग पेपरवर, पानाच्या एकाच बाजूला, एका पानावर एकच सम, गिव्हन, फाईंड, सोल्युशन अशी मांडणी, शेवटचं उत्तर चौकटीत. उशीर झाला तर घेणार नाही, पण सेमिस्टरमधला सगळ्यात कमी मार्कांचा एक होमवर्क सोडून देणार. मित्रांशी चर्चा करा पण लिहायचं स्वतःचं. आणि स्टॅटिक्समध्ये किमान सी ग्रेड नसेल तर पुढच्या डायनॅमिक्सला बसता येणार नाही. हे शेवटचं वाचून मी जरा वेळ थांबले. आपल्याकडे एटीकेटी आहे, मेकॅनिक्स राहिलं तरी पोरगं सेकंड इयरला जातं आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्सला बसतं, तिथे शिअर फोर्स डायग्राम काढायला सांगतात आणि याला अजून रिअ‍ॅक्शनच काढता येत नाहीत. तरीपण मला एटीकेटी बंद व्हावी असं वाटत नाही. ज्या घरात एक वर्ष वाया जाणं म्हणजे वर्षभराची फी आणि होस्टेलचे पैसे पुन्हा, त्या घरासाठी ती फट उघडी असलेली बरी.

उशिराचा नियम मात्र मी तिकडचा उचलला. चार असाइनमेंटांपैकी एक, कुठलीही, कारण न सांगता उशिरा द्या. कारण मागायचंच नाही, हे मला फार आवडलं. आपल्याकडे कारण मागितलं की आजोबा दरवर्षी दोनदा वारतात. आणि ज्याला खरंच अडचण असते, म्हणजे एसटी चुकली, शेतात काढणी चालू होती, बहिणीचं लग्न होतं, तो तोंडातून शब्द काढत नाही, मार्क घालवून गप्प बसतो. कारण सांगण्यात पटाईत असलेल्यांनाच सवलत मिळत राहते.

आता छापाछापीचं. यावर मी जुना नियम काढून टाकला. 'कॉपी केल्यास दोघांनाही शून्य' असं कागदावर असायचं, पण साठ-सत्तर जणांत मूळ कुणाचं हे शोधणारी मी कोण, सीआयडी? आता असाइनमेंटला मार्क नाहीत, नुसती द्यायची. मार्क आहेत ते त्यातलंच एक सम बोर्डपाशी येऊन पाच मिनिटं समजावण्याला. छापलंय तर छाप, पण मग हा बाण इथे का ते सांग. यात वेळ फार जातो हे खरंय, माझे प्रॅक्टिकलचे दोन तास त्यातच संपतात, आणि एका बॅचला तर कधीकधी लंचपर्यंत. पण चॅटजीपीटी आल्यापासून तर मला दुसरा मार्गच दिसत नाही. पोरं समचा फोटो टाकतात, ओळीने सोल्युशन येतं, बऱ्याचदा बरोबरही येतं, आणि ते वहीत उतरवलेलं इतकं देखणं असतं की मी वाचताना मला माझीच लाज वाटावी. त्यात काय नसतं ते मी बघते. आकृती. नुसतं 'फ्रॉम दी एफबीडी' असं लिहिलेलं असतं आणि वरती एफबीडी कुठेच नाही! त्यामुळे हा पहिला नियम, जो मी चॅटजीपीटी नव्हतं तेव्हापासून धरून बसलेय, तो आत्ता भलताच उपयोगी पडतोय. आता उद्या आकृतीसुद्धा चोख यायला लागेल, मला माहितीये. तेव्हा बोर्ड आहे, खडू आहे.

विषय तसा जुनाट आहे. न्यूटनचे नियम छापले गेले 1687 साली, त्याच वर्षी फ्रेंच गणिती व्हॅरिनॉनने आपलं नवं मेकॅनिक्स मांडायला घेतलं, तिथल्याच डॅलेम्बर्टचं तत्त्व 1743 चं. सिव्हिलवाले, मेकॅनिकलवाले ठीक, पण कॉम्प्युटरच्या पोरांना हे कशाला, हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि त्यांच्या पालकांकडूनही येतो. मी काही मोठं उत्तर देत नाही. डिबग करताना सगळा प्रोग्रॅम एकदम बघतोस की एक फंक्शन बाजूला काढून त्याच्यात काय जातं नि काय बाहेर येतं ते बघतोस, एवढंच विचारते. काहींना पटतं, काही म्हणतात मॅम हे ओढूनताणून आहे. असेल.

माझ्या नियमांवर स्टाफरूममध्ये एकमत आहे असं समजू नका. आमच्याकडचे एक सिनिअर सर आहेत, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं शिकवतायत, त्यांचं म्हणणं आहे की मी एफबीडीसाठी शून्य देते तो अन्याय आहे, कारण युनिव्हर्सिटीच्या पेपरात उत्तर बरोबर असेल तर तपासणारा आकृतीशिवायही बरेचसे मार्क देतो, म्हणजे मी पोरांना खोटी भीती घालते. माझं म्हणणं, वर्गातल्या टेस्टचे दहा मार्क आहेत हो सर, त्यात कुणाचं आयुष्य बुडत नाही, आत्ता नाही सवय लावली तर कधी लावणार. ते म्हणतात मग उलटं कर, आकृती बरोबर असेल आणि उत्तर चुकलं तरी सगळे मार्क दे, हिंमत आहे का? मी यावर बराच विचार केला. दहापैकी सात देईन असं ठरवलं होतं, कागदावर तसं टाईपही केलं. मग परवा पुन्हा खोडून आठ केले. सर म्हणतात घासाघीस करतेस. यंदाची बॅच सोमवारी येतेय आणि झेरॉक्सवाला शनिवारी अर्धा दिवस असतो, त्यामुळे जे काय ठरवायचं ते उद्यापर्यंत.